फुंकर

गणपतीच्या आधी पंधरा दिवस आमची गाडी ब्रेक दाबला की किंचाळू लागली. पेणमध्ये त्या दिवसांत ब्रेक सारखाच दाबावा लागतो. गल्लीबोळांतून मूर्तींचे टेंपो निघालेले असतात आणि एखाद्या बाप्पाच्या सोंडेला आपल्या गाडीचा धक्का लागला तर काय घ्या! मी आपला खिडकीची काच वर करून तो आवाज ऐकू येत नाही असे दाखवत होतो. पण पुण्याचा पुतण्या सुट्टीला आला, गाडीतून भाजी आणायला गेला आणि परत येऊन म्हणाला, "काका, पॅड संपलेत. डिस्कलाही चरे पडलेत. मी घरीच बदलतो."

मंडळी, मी बी. ए. मराठी. गाडीचे बॉनेट उघडले की मला पुढे काय करायचे ते कळत नाही. पण हा मुलगा बोलल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी नवे पॅड, नव्या दोन डिस्क आणि चार पाने घेऊन अंगणात बसला. मी खुर्ची टाकून शेजारी. निवृत्त माणसाला यापेक्षा चांगला कार्यक्रम कुठला?

त्याने मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला आणि गाडी उचलायच्या आधीच पुढच्या चाकाचे नट थोडे सैल केले (आधी उचलली तर पाना फिरवताना चाकच फिरते, हे मला सत्तरी उलटल्यावर कळले). मग जॅक, जॅकखेरीज लोखंडी स्टँड, आणि मग चाक बाहेर. आत जे दिसले ते पाहून मी म्हटले, "अरे, ही तर आपल्या नळाच्या पाइपासारखी गंजली आहे!" डिस्क उघडी असते. तिथेच तिची खुबी आहे, वारा लागतो आणि ती लवकर निवते. पण आमच्या खारेपाटाच्या हवेत आठ दिवस गाडी उभी राहिली की तिच्यावर तांबूस थर चढतो. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. आमची त्याच्याही खाली गेली होती.

कॅलिपर सोडवून त्याने तो तारेने वर टांगून ठेवला, कारण नुसता सोडला तर त्याचे वजन ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर येते. डिस्क मात्र निघेना. हातोडीने ठोकून झाले, गंजावरचे तेल मारून झाले. शेवटी डिस्कला दिलेल्या आट्यांच्या भोकात बोल्ट पिळत गेल्यावर ती 'खट्' करून सुटली. आत सगळीकडे काळी बारीक भुकटी. पुतण्याने तोंड जवळ नेले आणि गाल फुगवले.

"थांब! फुंकू नकोस!"

मी इतक्या जोरात ओरडलो की सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. वर्गात सुद्धा मी कधी इतक्या जोरात ओरडलो नसेन. पुतण्या चकित. त्याला काय सांगायचे ते एका वाक्यात सांगण्यासारखे नव्हते. म्हणून इथे लिहितो.

पेण हे भोगावतीच्या खाडीवरचे जुने बंदर. देशावरचा माल बोरघाट उतरून खाली येई आणि इथले मीठ वर जाई. १८३० साली बोरघाटात चाकाच्या वाहनांचा रस्ता झाला तेव्हापासून गाडीवानांना एकच काळजी, चढणीची नव्हे, उतरणीची. माझ्या लहानपणी मी पाहिले आहे, उतारावर बैलगाडीचे चाक दोरखंडाने बांधून फरफटत नेत किंवा लाकडाचा ठोकळा धावेवर दाबून धरत. लाकूड जळल्याचा वास येई. बैल बिचारे मान मागे टाकून चालत.

हीच काळजी इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगरात गाडीवानांना होती. हर्बर्ट फ्रूड नावाचा बुटांचा फिरता विक्रेता तिथे हिंडे. त्याने पाहिले की हे लोक ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यावर जुन्या बुटांचे तुकडे ठोकतात. चामडे चाकाला चिकटून धरते आणि लाकूड वाचते. १८९७ साली त्याने बागेतल्या शेडमध्ये प्रयोग सुरू केले. त्यातून जो धंदा उभा राहिला त्याचे नाव फेरोडो. फ्रूडची अक्षरे उलटीपालटी करायची आणि त्यात बायकोच्या एलिझाबेथचा 'ई' घालायचा! (आमच्याकडे दुकानाला बायकोचे नाव देतात ते पूर्ण तरी देतात.)

पुढे मोटारी आल्या. १९०२ साली बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. म्हणजे पुतण्या ज्या वस्तूशी झटापट करत होता ती सव्वाशे वर्षांची आहे. पण लँचेस्टरचे पॅड तांब्याचे होते आणि धातूवर धातू घासून इतका कर्कश आवाज होई की लोकांनी तो नाद सोडला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनोचा ड्रम ब्रेक आला आणि पुढची पन्नास वर्षे ड्रमचेच राज्य राहिले. १९५३ साली ल मान्सच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने बाजी मारली, १९५५ साली सित्रोएनने मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मोटारीला पुढे डिस्क दिल्या, तेव्हा कुठे लँचेस्टरची कल्पना रस्त्यावर आली. आपल्याकडे त्यानंतरही अँबॅसेडर आणि फियाटला ड्रमच होते.

पण ड्रम असो की डिस्क, घासणारा थर कशाचा करायचा हा खरा प्रश्न. ब्रेक म्हणजे धावत्या गाडीची सगळी ताकद उष्णतेत बदलणे. घाटात ती उष्णता चामड्याला, सुताला, लाकडाला सोसत नाही. न जळणारा धागा हवा. तो फ्रूडला १९०८ च्या सुमारास मिळाला. ऍस्बेस्टॉस. दगडातून निघणारा, पिंजता येणारा, विणता येणारा आणि आगीत न जळणारा. पुढची कित्येक दशके जगभर ब्रेकच्या लायनरमध्ये तोच होता. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो नावाचा कारखाना होता. डर्बीशायरच्या बुटाच्या तुकड्याचा वंश असा आपल्या लाल बहादूर शास्त्री मार्गापर्यंत आला होता.

या धाग्याची दुसरी बाजूही फार उशिरा कळली असे नाही. रॉचडेलच्या ऍस्बेस्टॉस कारखान्यातली नेली केरशॉ ही कामगार १९२४ साली वारली, तिच्या फुफ्फुसात डॉक्टर कुकना तो सापडला आणि आजाराला नाव मिळाले. १९३१ साली ब्रिटनने कारखान्यांतल्या धुळीसाठी नियम केले. बंदी मात्र १९९९ मध्ये घातली. मध्ये अडुसष्ट वर्षे गेली. आपल्याकडे अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. ऍस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून निदान चाळीस वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवायची. चाळीस वर्षे का? कारण हा आजार वीस-तीस-चाळीस वर्षे दबून बसतो.

निकाल चांगलाच आहे. पण नोंद ठेवायला मस्टर लागते. रस्त्याकडेच्या गॅरेजला मस्टर कुठले?

आता रोह्याची गोष्ट. तिथे मी शिकवायला होतो. कुलाब्याचे रायगड होऊन (१९८१) तीन-चार वर्षे झाली असतील. धाटावच्या कारखान्यांमुळे ट्रक वाढले होते आणि नागोठण्याहून भिसे खिंड उतरून येणारा ड्रायव्हर आधी गॅरेजकडे वळायचा. आठवीत माझ्याकडे एक मुलगा होता. व्याकरणात शून्य, पण शाळेची बिघडलेली घंटा त्यानेच दुरुस्त केली. वडील नव्हते. आईने विचारले, "सर, याचं काय करू?" मी स्वतः त्याला एका मेस्त्रींकडे घेऊन गेलो. चांगले मेस्त्री होते. पोराला जेवू घालत. त्याचे पहिले काम ड्रम साफ करणे. जुने लायनर शूवरून रिबिटे तोडून काढायचे, नवे ठोकायचे, कडा कानशीने घासायच्या आणि ड्रममधली भुकटी फुंकून उडवायची. पांढुरकी भुकटी त्याच्या पापण्यांवर बसलेली असे. मी जाता-येता थांबून म्हणायचो, "शाब्बास, कामात मन लागलंय!" मेस्त्री पुढे खोकून खोकून गेले. कशाने, ते कुणी तपासले नाही.

हे सगळे पुतण्याला सांगून होईपर्यंत ऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. त्याने नव्या पॅडचे खोके दाखवले, त्यावर ऍस्बेस्टॉस नसल्याचे छापले होते. "पण काढलेत त्यांचं काय माहीत?" मी म्हटले. मग तोंडाला रुमाल बांधून त्याने सगळे ओल्या फडक्याने पुसले आणि फडके पिशवीत बांधून टाकले. नव्या डिस्कवरचे तेल पुसून काढले, पिस्टन हळूहळू मागे दाबला, पॅड बसवले. दुसऱ्या बाजूचेही तसेच, कारण हे जोडीनेच बदलायचे असते. शेवटी गाडी चालू करण्याआधी पायाने ब्रेक पाच-सहा वेळा दाबून तो घट्ट लागेपर्यंत थांबला. हे विसरले तर पहिला ब्रेक लागतच नाही म्हणे.

नव्या ब्रेकनी आम्ही रोह्याला गेलो. मलाच जायचे होते. माझ्या त्या विद्यार्थ्याचे आता स्वतःचे गॅरेज आहे. पन्नाशी उलटली. पाया पडायला वाकला आणि उठताना त्याला धाप लागली. मागे एक पोरगा कॉम्प्रेसरच्या नळीने ड्रममध्ये हवा मारत होता. मी आधी ती नळी बंद करायला लावली, मग बाकी बोललो.

"एक्सरे काढला होता सर दोन वर्षांमागे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, बिडी सोडा. मी बिडी कधी ओढलीच नाही सर. तुम्ही वर्गात शपथ घ्यायला लावली होती ना."

घंटेची मला आठवण होती, शपथेची नव्हती.

तू काय काम करतोस, हे त्या डॉक्टरांनी विचारले नव्हते आणि यानेही सांगितले नव्हते. एक्सरे कपाटामागे होता. तो काढला, धूळ ओल्या फडक्याने पुसली. येत्या मंगळवारी आम्ही दोघे पनवेलला छातीच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. कागदावर मी सगळे लिहून घेतले आहे, कुठल्या वर्षापासून, कुठले काम, दिवसाचे किती तास. गाडी तोच चालवणार म्हणतो. पुतण्याने बसवलेल्या ब्रेकवर त्याचा विश्वास नाही. आधी चारही चाके स्वतः उघडून बघेन म्हणतो. मी अट घातली आहे, फुंकायचे नाही.