जरीच्या तीन धातूंचे कूळ

सुरतेचे नाव निघाले की लोक हिऱ्यांकडे वळतात. परंतु येवल्याच्या पैठणीचा पदर ज्याने कधी उन्हात धरून पाहिला असेल, त्याच्या लेखी सुरत म्हणजे जर, आणि हा शब्द फारसी, अर्थ सोने. तरी जुन्या रिवाजाच्या जरीत सोने वरवरच असते: चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती तापवायची, एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढीत केसासारखी तार करायची, चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळायची. हलक्या जरीत चांदीच्या जागी तांबे येते. खरवडली की लाली दिसते.

या तिघांना कारागिरांनी एका पंक्तीला बसविले, त्याचा दाखला रसायनशास्त्राच्या दप्तरात फार उशिरा चढला. १९१३ साली बोरने इलेक्ट्रॉनांना ठराविक कक्षा नेमून दिल्या, १९२५ साली पाउलीने एका कप्प्यात दोहोंहून अधिकांना मज्जाव केला, आणि अणू सर्वांत कमी ऊर्जेत असताना कप्पे तळापासून भरत जातात, ही वहिवाट ठरली. तिच्याप्रमाणे २९ इलेक्ट्रॉनांच्या तांब्यात बाहेरच्या ४एस या कप्प्यात दोन आणि आतल्या ३डी या गटाच्या कप्प्यांत मिळून नऊ हवेत. प्रत्यक्षात बाहेर एकच आणि आत पुरे दहा, कारण ऊर्जेच्या हिशेबात तीच मांडणी स्वस्त पडते. चांदी (४७) आणि सोने (७९) एकेक मजला वर जाऊन हाच कायदेभंग करतात. बाहेरचा तो एकटा इलेक्ट्रॉन धातूत सर्वांच्या सामाईक मालकीचा होतो. वीज वाहण्यात हे तिघे अग्रणी आहेत, ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे.

मग रंग निराळे का? सोन्याच्या जड केंद्राजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. त्या सापेक्षतेच्या परिणामाने ६एस आकसतो, ५डीपासूनचे त्याचे अंतर घटते आणि निळा प्रकाश शोषला जाऊन उरतो तो पिवळा. चांदीत तेच शोषण अतिनीलात होते, म्हणून ती पांढरी. पैठणीच्या पदरावर आईन्स्टाईन झळकतो, हे विणकराला ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही.

आता बाजारात प्लास्टिकची जरही मुबलक मिळते. तिच्यात या कुळातला कोणी नसतो. चकाकी असते ती ॲल्युमिनियमच्या मुलाम्याची, आणि त्याच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन तीन.