उद्घाटन म्हणजे नेमकं काय उघडतं?

मंडळी, आपल्या नांदेड-लातूरकडं एकाच कामाला चार-चार नारळ फुटतात. भूमिपूजन, कोनशिला, उद्घाटन, लोकार्पण. फोटो चार, काम एक. म्हणून आज जरा या शब्दांचा इतिहास बघू.

पत्रिका इंग्रजीत छापली की हमखास एक क्रियापद येतं, 'इनॉग्युरेट'. हा शब्द लॅटिनमधला. जुन्या रोममध्ये 'ऑगुर' नावाचे पुरोहित असायचे. पक्षी कसे उडाले, कुठून ओरडले, यावरून ते शकुन सांगायचे. शकुन बरा निघाला की माणूस पदावर बसायचा, जागा पवित्र ठरायची. थोडक्यात, आपल्या मुहूर्ताचाच भाऊ! पदावर बसवणं हा जुना अर्थ अमेरिकेत अजून टिकून आहे. दर चार वर्षांनी २० जानेवारीला राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी होतो, त्याला ते 'इनॉग्युरेशन' म्हणतात. आपण त्याला उद्घाटन म्हटलं तर लोक हसतील. माणसाचा शपथविधी किंवा पदग्रहण, इमारतीचं उद्घाटन, नव्या काळाची सुरुवात. इंग्रजीचं एक क्रियापद, मराठीत तीन वाटा.

निजामाच्या राज्यात सरकारी भाषा उर्दू. तिथं पायाच्या दगडाला 'संग-ए-बुनियाद' आणि उद्घाटनाला 'इफ्तिताह'. इफ्तिताह म्हणजे उघडणं. आपल्या 'उद्घाटन'चा मूळ अर्थही तोच, बंद असलेलं उघडणं. रोमचा शब्द शकुन बघतो, आपले दोन्ही शब्द दार बघतात. हा फरक लहान नाही.

आणखी एक गंमत. जुन्या संस्कृत कोशांत 'उद्घाटन'चा अर्थ विहिरीतून पाणी काढायचा दोर आणि बादली असाही दिलाय. दुष्काळ बघितलेल्या माणसाला याहून नेमका अर्थ कोण सांगणार? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, ते आपण विसरलेलो नाही. बादली विहिरीत सोडली म्हणजे उद्घाटन होत नसतं, भरून वर आली पाहिजे.

आता हीच फूटपट्टी लावून बघा. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोचली. रेल्वेच्या जुन्या नोंदींत तारीख धरतात ती मार्ग 'वाहतुकीसाठी खुला' झाल्याची. पायाचा दगड कुणी ठेवला हे तिथं गौण. लातूरच्याच रेल्वे डबा कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं. पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० ला तयार झाला. वंदे भारत स्लीपर गाड्या बांधायचा करार २०२३ चा. यातली सुरुवातीची तारीख कोणती म्हणायची? पुढाऱ्याला विचाराल तर पहिली. कामाच्या आशेवर बसलेल्या आयटीआयच्या पोराला विचारा, तो म्हणेल, मला आत घेतील ती.

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला स्थापन झालं. दिवस मुक्तिदिनाचा, नाव मुक्तिलढ्याच्या नेत्याचं. याला म्हणायचं मुहूर्त! त्यासाठी पंचांग उघडायची गरज नाही, आपला इतिहासच पुरतो. पण त्या विद्यापीठाचाही खरा आरंभ रोज होतो, खेड्यातली एखादी पोरगी घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढते तेव्हा.

नारळ फोडायला ना नाही. शुभ काम आहे, फोडावा. फक्त शब्द नीट वापरावेत. कुदळ मारली की भूमिपूजन, दगड बसवला की कोनशिला. आणि दार उघडून लोक आत गेले, नळाला पाणी आलं, दवाखान्यात डॉक्टर बसला, की मगच उद्घाटन. 'लोकार्पण' हा शब्द तर मला खटकतोच. पैसा लोकांचा, जमीन लोकांची, मग अर्पण कोण कुणाला करतंय?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कोनशिलेवर 'यांच्या शुभहस्ते'च्या खाली आणखी एक ओळ कोरा, 'वापर सुरू झाल्याची तारीख'. तेवढी जागा रिकामी दिसली तरी गावाला कळेल, दार अजून बंदच आहे.

तुमच्या गावात अशी रिकामी ओळ कुठं कुठं निघेल? खाली लिहा.