रेच्यावरचा मजूर : विम्याबाहेर आणि फंडाच्या आत

परभणी जिल्ह्यात कारखाना म्हटला की दीर्घकाळ डोळ्यांसमोर येई ते जिनिंग-प्रेसिंग. सेलू, मानवत आणि खुद्द परभणी या बाजारपेठा कापसावर वाढल्या. दिवाळीच्या सुमारास रेचे सुरू होत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर थंडावत. या रेच्यांवर राबणाऱ्या मजुराच्या आजारपणाचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाला स्वतंत्र भारताच्या कायद्याने दिलेले उत्तर चमत्कारिक होते. त्याने मजुराला विम्यातून वगळले आणि बचतीत घेतले.

मालकाने कामगाराच्या औषधपाण्याचा भार वाटून घ्यावा, ही कल्पना अमेरिकेत आणि भारतात एकाच महायुद्धाच्या काळात पुढे सरकली. कारणे मात्र वेगळी होती. अमेरिकेत १९४२ मध्ये वेतनवाढीवर निर्बंध आले. पगार वाढवता येत नाही म्हणून मालक कामगारांना आरोग्यविम्याचे आमिष दाखवू लागले आणि पुढे करसवलतीने ती प्रथा पक्की केली. भारतात ही जबाबदारी सरकारने स्वतःकडे घेतली. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. अदारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यांची योजना कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या तीन उद्योगांपुरती होती. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे स्टॅक आणि रघुनाथ राव या तज्ज्ञांनी ती तपासली आणि सर्व बारमाही कारखान्यांना लागू करण्याची शिफारस केली.

‘बारमाही’ या एका शब्दात परभणीचे भवितव्य ठरले.

राज्य कामगार विमा कायदा एप्रिल १९४८ मध्ये झाला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद भारतात सामील होण्यास अजून पाच महिने होते. पण खरा अडसर राजकीय सीमेचा नव्हता. कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी कोणाला म्हणायचे याची यादीच दिली. तिच्यात कापसाची सरकी काढणे, गाठी बांधणे, भुईमूग फोडणे, साखर व गूळ बनवणे ही कामे आहेत. केवळ हीच कामे करणारा कारखाना विम्याच्या बाहेर. ही यादी जणू मराठवाड्याचे बाजार फिरून केली असावी, असे वाटते. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपुरात योजनेचे उद्घाटन केले. कानपूरच्या गिरणीतील विणकर विम्यात आला; त्या गिरणीला लागणाऱ्या रुईतून सरकी काढणारा मजूर आला नाही.

याला प्रशासकीय कारण होते. वर्गणी नियमितपणे पगारातून कापायची, तर पगार नियमित हवा. चार-पाच महिन्यांच्या कामगाराचा हिशेब ठेवणे अवघड. तथापि आजारपण हंगाम पाहून येत नाही, हेही तितकेच खरे. त्याच जिल्ह्यातील पूर्णा जंक्शनवरच्या रेल्वे कर्मचाऱ्याला रेल्वेची स्वतःची वैद्यकीय सेवा होती आणि सरकारी नोकराला खर्चाची प्रतिपूर्ती.

आता दुसरी बाजू. १९५२ चाच भविष्य निर्वाह निधीचा कायदा प्रथम सहा उद्योगांना लागू झाला आणि नंतर त्याच्या अनुसूचीत साखर आणि जिनिंग-प्रेसिंग हे उद्योगही आले. अर्थात वीस कामगारांची अट पुरी करणारा कारखाना असेल तरच. या निधीच्या योजनेत पुढे ६८-जे हा परिच्छेद आला. मोठी शस्त्रक्रिया, महिनाभर रुग्णालयात राहणे, क्षय, कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार अशा प्रसंगी कामगाराला आपल्या वर्गणीतून रक्कम काढता येई. सहा महिन्यांचे वेतन किंवा स्वतःची जमा वर्गणी, यांपैकी जे कमी तेवढी.

अमेरिकेत २००३ च्या कायद्याने आलेले आरोग्य बचत खाते आणि हा फंड यांचे नाते जवळचे आहे. दोन्हींत पैसा आपला, तो वर्षअखेर बुडत नाही, नोकरी सुटली तरी राहतो. पण अमेरिकेतले खाते विम्याच्या जोडीनेच उघडता येते. परभणीच्या मजुराकडे ती जोडी नव्हती.

उदाहरणादाखल महिना ८,००० रुपये वेतन धरावे. १२ टक्क्यांनी त्याची वर्गणी ९६० रुपये. पाच महिन्यांच्या हंगामात ४,८००. सहा हंगामांनंतर व्याज सोडून २८,८०० रुपये. आजार सहाव्या वर्षी आला तर एवढे हाती येतील आणि पहिल्याच वर्षी आला तर ४,८००. याउलट २०१९ पासूनच्या दराने कामगार विम्यात तोच मजूर महिना ६० रुपये देता आणि मालक २६० रुपये. पात्रता मिळाल्यावर उपचाराचा खर्च त्याच्या वर्गणीवर अवलंबून राहिला नसता. बचतीत माणूस स्वतःच्याच निरोगी वर्षांकडून उसने घेतो. विम्यात ते उसने इतरांच्या निरोगी वर्षांकडून मिळते. ज्याची निरोगी वर्षेही अर्ध्या कमाईची, त्याला पहिली सोय तोकडी पडणारच.

सिंगापूरने हे लवकर ओळखले. तेथे १९८४ मध्ये भविष्य निर्वाह निधीतूनच मेडिसेव्ह ही आरोग्यबचत सुरू झाली. मोठ्या आजारांपुढे ती पुरत नाही म्हणून १९९० मध्ये मेडिशील्ड हा विमा जोडण्यात आला.

परभणीला तशी जोड मिळायला नोव्हेंबर २०१३ उजाडला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती; त्यांत शेजारचे नांदेड होते, परभणी नव्हते. सव्वा वर्षाने ती राज्यभर गेली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे संरक्षण होते आणि हप्ता राज्य सरकारचा होता. पात्रतेचा पुरावा कामगाराचे ओळखपत्र नव्हते, तर पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका होती. पुढे शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांत, ज्यांत परभणी आहे, पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून प्रवेश मिळाला. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. मालक या व्यवहारात कोठेच नाही. शिवाय योजना ठरावीक उपचारांपुरती, म्हणजे मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरची. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या, नांदेड-औरंगाबादच्या फेऱ्या यांचे पैसे ना विम्यातून, ना ६८-जे मधून. अमेरिकेतले बचत खाते नेमके अशाच किरकोळ खर्चाला उपयोगी पडते.

जुने कामगार कायदे एकत्र करणारी सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने २०२० मध्ये संमत केली. कामगार विम्याचे प्रकरण कोणाला लागू, हे तिच्या पहिल्या अनुसूचीत दिले आहे : दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेली प्रत्येक आस्थापना, हंगामी कारखाना वगळून.