वर्गणीवर ऑलिम्पिकला गेलेल्या मेरीताई



शाळांच्या खेळांच्या स्पर्धा आल्या की आमच्या गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कुणाची तरी मुलगी कबड्डीत नाहीतर खो-खोत निवडली जाते. आता तिला जालन्याला न्यायचं, पुढे संभाजीनगरला न्यायचं. गाडीभाडं कुणी द्यायचं? बूट कुठून आणायचे? आणि कुणीतरी म्हणतंच, "हरून आली तर पैसे गेले पाण्यात!" म्हणून आज आम्ही मेरी डिसूझा यांची गोष्ट सांगतो.

मेरीताई मुंबईतल्या वांद्र्याच्या, जन्म १९३१ चा. त्या धावायच्या आणि हॉकीही खेळायच्या. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या. तिथे २०० मीटर धावण्यात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. चौघींनी मिळून धावायच्या रिले शर्यतीत आपल्या मुलींनी रौप्यपदक आणलं, त्यातही त्या होत्या.

पुढच्याच वर्षी ऑलिम्पिक होतं, दूर फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरात. मेरीताईंची निवड झाली, पण जायला पैसे नव्हते. मग मित्रमंडळींनी कार्यक्रम ठेवून पैसे जमवले. त्याच ऑलिम्पिकला गेलेले आपले पैलवान खाशाबा जाधव यांचीही तीच गत होती. त्यांच्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण टाकलं.

खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. मेरीताई मात्र १०० आणि २०० मीटर, दोन्ही शर्यतींत पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या. त्या वर्षी भारताच्या चारच महिला तिथे होत्या. धावणाऱ्या मेरीताई आणि नीलिमा घोष, पोहणाऱ्या आरती साहा आणि डॉली नाझीर. स्वतंत्र भारतातून ऑलिम्पिकला गेलेल्या ह्याच पहिल्या चौघी.

मग ते पैसे पाण्यात गेले का? पुढचं ऐका. १९५३ साली मेरीताई भारताच्या हॉकी संघातून इंग्लंडला खेळल्या. १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धांत त्यांच्या रिले संघानं सुवर्णपदक जिंकलं. १९५६ साली हॉकीसाठी त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या. दोन खेळांत देशाकडून खेळलेली पहिली भारतीय महिला, अशी त्यांची ओळख झाली. सरकारचा ध्यानचंद पुरस्कार मात्र त्यांना मिळाला २०१३ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी.

पुरस्काराला साठ वर्षं लागली. वर्गणी देणाऱ्यांनी तेवढी वाट पाहिली नाही, त्यांनी पोरगी धावतेय एवढंच पाहिलं.

मैत्रिणींनो, लग्नाला, बारशाला आपण हात आखडत नाही. दर महिन्याच्या बचतीतून थोडे पैसे मुलींच्या खेळासाठी बाजूला ठेवता येतील का, हे पुढच्या बैठकीत नक्की बोला. आणि पोरगी हरून घरी आली, तर आधी तिला जेवायला वाढा. मग विचारा, पुढची स्पर्धा कधी आहे?