‘डब्ल्यू’ या अक्षराची गोष्ट

इंग्लंडमध्ये १ एप्रिल १९७१पर्यंत काही मुले शिक्षणापलीकडची समजली जात. त्यांची सोय शिक्षणखाते नव्हे, आरोग्यखाते पाही. १९७०च्या कायद्याने ती शाळेत आली. विज्ञानाच्या तासाचा प्रश्न मात्र १९८८मध्ये उभा राहिला. त्या वर्षीच्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला आणि इंग्रजी, गणिताबरोबर विज्ञानही गाभ्याचा विषय ठरवला. अभ्यासक्रम सगळ्यांचा, म्हणून मूल्यमापनही सगळ्यांचे.

मी शिक्षणशास्त्र रीतसर शिकलेलो नाही. सरकारी कागद वाचण्याची खोड आहे, इतकेच. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १६व्या कलमात प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवण्याची अपेक्षा वाचली आणि असे लक्ष ठेवायचे कसे, हे शोधत इंग्लंडच्या कागदांपर्यंत गेलो. तिथे भेटले ‘डब्ल्यू’ हे अक्षर. पहिली पातळी न गाठलेल्या मुलापुढे ते लिहीत. अर्थ, ‘पहिल्या पातळीकडे वाटचाल’. विजेरीच्या उजेडाकडे पहिल्यांदा मान वळवणारे मूल आणि पाण्यात काय तरंगेल ते आधीच सांगणारे मूल, दोघांना एकच शेरा. तोही वर्षानुवर्षे.

१९९८मध्ये या पोकळीत ‘पी स्केल्स’ आल्या. पायऱ्या आठ, पहिल्या तिन्हींचे पुन्हा दोन-दोन भाग. या तीन सर्व विषयांना सारख्याच होत्या, विज्ञान खरे वेगळे होई ते चौथीपासून. प्रकाश, आवाज, हालचाल यांतला बदल मुलाला जाणवतो का, असे तिथे पाहायचे. मला या मोजपट्टीचे मोठे श्रेय वाटते ते हे, की तिने शिक्षकाला निरखून पाहायला लावले. न बोलणाऱ्या, न लिहिणाऱ्या मुलाची लेखी परीक्षा कशी घेणार? नुसते ‘बर्फाला हात लावला’ एवढे लिहून काही कळत नाही. बाईंनी हात धरून लावला, की मुलाने आपणहून पुढे केला? गार लागल्यावर मागे घेतला का? बर्फ वितळल्यावर भांड्यात तो पुन्हा शोधला का? तारीख, मदत किती दिली आणि जमल्यास छायाचित्र, एवढे असले की नोंदीला अर्थ येतो. त्या शोधणाऱ्या हातात विज्ञान आहे, असे मी म्हणेन.

पुढे हे आकडे देशपातळीवर गोळा होऊ लागले आणि पाहण्यापेक्षा पायरी चढवणे महत्त्वाचे झाले. काही मुले वर्षभर एकाच पायरीवर राहतात, पण तिथेच बरेच शिकतात. काही शिकलेले गमावतात. शिडीला हे दिसत नाही. डायान रॉचफर्ड यांच्या समितीने २०१६मध्ये पी स्केल्सची सक्ती काढण्याची शिफारस केली. स्वतंत्र विषय शिकण्याच्या टप्प्यावर नसलेल्या मुलांसाठी २०२१-२२पासून पाच बाजूंनी पाहणारी पद्धत सक्तीची झाली: शोध, उमज, पुढचे ओळखणे, चिकाटी आणि पुढाकार. पद्धत मला पटते. खरे तर हे पाचही गुण प्रयोगशाळेतलेच! पण या नोंदीला विषयाचे नाव नाही.

आणि थोडी पुढची मुले? विषय शिकणाऱ्या, पण मागे असलेल्या मुलांसाठी इंग्रजी व गणिताची खालची मानके तयार झाली, विज्ञानाची नाहीत. प्राथमिक शाळेअखेर विज्ञानापुढे मुख्य शेरे दोनच: अपेक्षित पातळी गाठली, किंवा नाही गाठली. जुन्या ‘डब्ल्यू’त निदान ‘वाटचाल’ हा शब्द होता. बर्फाची नोंद शाळेला आपल्या वहीत ठेवता येते. सरकारी तक्त्यात तिच्यासाठी रकाना नाही.