सहलीच्या वाटेवर नसलेली बारव

परभणी जिल्ह्यातल्या शाळेची सहल म्हटली की वेरूळ, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा आणि पैठण ही नावे ओघानेच येतात. मुलांनी कैलास लेणे पाहू नये, असे कोणीच म्हणणार नाही. पण ही वाट कशी ठरली आणि तीत आपलाच जिल्हा का बसला नाही, हा मला इतिहासाचा प्रश्न वाटतो.

१९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाने १९१४ साली पुरातत्त्व खाते काढले. गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक. अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून १९२० साली इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी यांना बोलावण्यात आले. हे काम मोलाचेच होते. मात्र पाहण्याजोगा वारसा म्हणजे लेणी, किल्ले आणि मकबरे, ही समजूतही माझ्या मते त्यातूनच पक्की झाली. संस्थान गेले, सहलीचा नकाशा तोच राहिला.

त्याच सुमारास मेक्सिकोत वेगळे घडत होते. क्रांतीनंतरच्या सरकारने १९२१ साली, स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त, राजधानीत लोककलांचे प्रदर्शन भरवले. कुंभार आणि विणकरांच्या हातच्या वस्तू राष्ट्राचा ठेवा म्हणून मांडल्या गेल्या. पाठोपाठ अडोल्फो बेस्ट मोगार्द या चित्रकाराने लोककलेतले सात मूळ आकार घेऊन चित्रकला शिकवण्याची पद्धत रचली आणि ती तिथल्या शाळांत शिरली. गावातले मडके मुलांसाठी धडा झाले.

आपल्याकडे असा धडा दगडात आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेत पायऱ्या चक्राकार वळत पाण्यापर्यंत उतरतात. अशी रचना महाराष्ट्रात विरळाच. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात जुनी मंदिरे, बारव आणि उंच कोरीव स्तंभ आहे. या साऱ्याला आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा प्रधान. पण चुना न वापरता, घडीव दगड एकमेकांत बसवून बांधण्याची रीत त्याच्याही आधीची. अंबरनाथचे मंदिर १०६० सालचे, म्हणजे हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे. नाव प्रधानाचे लागले. छिन्नी चालवणारा पाथरवट निनावीच राहिला.

म्हणूनच बारव मला मुलांसाठी महत्त्वाची वाटते. तिथे राजाचे नाव पाठ करावे लागत नाही. दोन दगडांच्या सांध्यात नख शिरत नाही, हे मूल स्वतः पाहते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले तरी घागर भरता यावी म्हणून पायऱ्या तळापर्यंत का नेल्या, हे त्याला उतरतानाच कळते. पट्टीने पायरी मोजली, वहीत कोनाडा काढला, तर भूमिती, भूगोल आणि इतिहास एकाच ठिकाणी भेटतात.

नळ आले तशा अनेक गावांतल्या बारवा गाळाने आणि कचऱ्याने भरल्या. वालूरकरांनी पुढाकार घेऊन आपली बारव मोकळी केली. ज्या गावाला तिचे मोल कळले, तिथे ती वाचली. हे मोल कळण्याचे वय शाळेचे असते. वेरूळची सहल जरूर निघावी. पण त्याआधी एक दिवस पोरांनी आपल्या तालुक्यातल्या बारवेच्या पायऱ्या उतराव्यात. पुढे तिच्यात कचरा टाकायला त्यांचा हात धजणार नाही.