बटाटा आणि दाराची कडी

लखनौच्या भाजीबाजारात ‘आलू’ मागण्याची सवय झाली, तरी आपल्या मुखी प्रथम येतो तो ‘बटाटा’. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्या कंदाबरोबर पुढे आणखी एक परका आला. १९०६ च्या सुमारास इटलीहून मुंबई इलाख्यात आणविलेल्या बियाण्यातून बटाट्याचा पतंग या देशात शिरला. त्याची मादी कंदाच्या डोळ्यांपाशी अंडी घालते; अळी आत पोखरीत जाते आणि पोते वरून निर्दोष दिसते. पुणे जिल्ह्यात अरण रचून बटाटे साठविणाऱ्या शेतकऱ्यास तिचा उपद्रव अद्यापि आहे.

आयातीवर बंधने घालणारा विनाशकारी कीटक व कीड अधिनियम झाला तो १९१४ साली. विलंबाचा दोष आम्हां कारकुनांस नेहमीच लागतो. पण येथे पाहुणा घरात शिरून सात-आठ वर्षे लोटल्यावर दाराला कडी लागली! दुसरा पाहुणा, सोनेरी सूत्रकृमी, निलगिरीत उटकमंड येथे आढळला तो १९६१ मध्ये. त्याचे कोष मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. म्हणूनच, त्याच जुन्या अधिनियमाखाली निघालेल्या २००३ च्या आदेशाप्रमाणे परवाना आणि निर्यातदार देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र असले, तरी कंदाला माती चिकटलेली चालत नाही.